कडी लावणारा माणूस

बेव्हर्ली पार्कात संध्याकाळी उभ्या मोटारी चुकवीत मुले फुटबॉल खेळतात. प्रत्येकाला गोल करावयाचा असतो. मागे थांबावयास कोणी तयार नसतो. शेवटी जो भिडस्त असेल त्याला मागे उभे करतात. श्रोतेहो, आज आम्हांला या मागे उभ्या राहणाऱ्याविषयीच बोलावयाचे आहे.

इटलीत त्याचा मान मोठा. तेथील बचावाच्या प्रसिद्ध पद्धतीचे नाव 'कातेनाच्चो', म्हणजे दाराची कडी. चेझारे माल्दिनी हा तेथला बचावपटू. १९६३ साली मिलानने युरोपियन चषक जिंकला तेव्हा तो कर्णधार होता, आणि १९९८ च्या विश्वचषकात इटलीचा प्रशिक्षक. यात नवल नाही. मागे उभा असतो त्याला सारे मैदान दिसते. कारखान्यातला जुना फिटरही आवाजावरून यंत्राचे दुखणे ओळखतो आणि उमेदवारांना तोच शिकवितो.

आपल्याकडचे उदाहरण गोव्याच्या डेरिक परेरा यांचे. साळगावकर संघाचे आणि भारताचे हे बचावपटू पुढे प्रशिक्षक झाले. मुंबईच्या महिंद्र युनायटेडला त्यांनी २००५ साली फेडरेशन चषक आणि २००५–०६ च्या हंगामात राष्ट्रीय लीग जिंकून दिली. मुंबईच्या संघाने ती लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ. नंतर ते पुणे एफ.सी.कडे गेले. त्यांच्या हाताखाली हा नवखा संघ २०१२–१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला.

आता पुढचे ऐका. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफ.सी. २०१५ मध्ये मिटला. साळगावकरने २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतले. एका माणसाच्या कारकिर्दीतल्या तीन पाट्या सहा वर्षांत उतरल्या! परेरा यांना पुढेही कामे मिळाली. २०२१ च्या डिसेंबरात ते एफ.सी. गोवाचे मुख्य प्रशिक्षक झाले. पण राखीव खेळाडू, मैदान राखणारा माळी, सामान वाहणारा पोऱ्या यांचे काय झाले असेल, हे भाईंदरच्या स्टील कारखान्यांतून हिंडलेल्या आम्हांला कोणी सांगावयास नको.

मालकांना आम्ही दोष देत नाही. ज्याने दुकान मांडले त्याला ते मोडण्याचाही अधिकार. प्रश्न आपला आहे. मिलानचा संघ १८९९ पासून उभा आहे. तेथेही मालक बदलले. पण संघ गावाचा राहिला, म्हणून एका पिढीची विद्या दुसरीच्या हाती पडली. माल्दिनीचा मुलगा पाओलो त्याच संघात वाढला, त्याचाच कर्णधार झाला. आपल्याकडे विद्या माणसाच्या डोक्यात राहते आणि माणूस बदलीच्या गाडीत.

ही व्याख्यानमाला कोणा एका शेठजींची नाही, वर्गणीवर चालते. तसाच वस्तीच्या वर्गणीवर मुलांचा एक संघ का चालू नये? महापालिकेकडे मैदानाचे दोन तास मागू. शिकविण्यास एखादा निवृत्त बचावपटू शोधू. मागे उभ्या राहणाऱ्या त्या भिडस्त मुलाला आपले काम काय आहे हे कोणीतरी सांगावयास हवे.