उमेदवारीचे एक वर्ष : नववैद्याच्या आणि औषधशाळेच्याही हिताचे

साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण करून बी.ए.एम.एस. पदवीधर बाहेर पडतो, राज्य परिषदेकडे नोंदणी करतो आणि मग त्याच्यापुढे पहिला खरा प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? पदव्युत्तर शिक्षणाचा मार्ग सर्वांना उपलब्ध नसतो. काही जण लगेच स्वतःचा दवाखाना थाटतात. अनेक जण खासगी रुग्णालयात निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून रात्रपाळी पत्करतात आणि दोन-तीन वर्षांत नाडी, क्वाथ व पंचकर्म यांच्यापासून पूर्णपणे दुरावतात. या तीन मार्गांखेरीज एक चौथा मार्ग आहे. तो आपल्या शास्त्राइतकाच जुना असूनही आज दुर्लक्षित आहे. अनुभवी वैद्याच्या हाताखाली अथवा औषधशाळेत वर्षभर उमेदवारी करणे, हा तो मार्ग होय.

शास्त्राची भूमिका

केवळ पाठांतराने वैद्य घडतो, असे आपल्या आचार्यांनी कोठेही मानलेले नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या ८ व्या अध्यायात गुरूची परीक्षा कशी करावी हे सांगताना त्याच्या शास्त्रज्ञानाबरोबरच प्रत्यक्ष कर्मदर्शनालाही स्थान दिले आहे. सुश्रुताचार्य तर याही पुढे जातात. सूत्रस्थानातील ‘योग्यासूत्रीय’ या ९ व्या अध्यायात त्यांनी छेदनाचा सराव कोहळा, दुध्या, काकडी अशा फळांवर, वेधनाचा सराव मृत पशूंच्या सिरांवर व कमळाच्या देठांवर, तर बंधनाचा सराव माणसाच्या पुतळ्यावर करावयास सांगितला आहे. शास्त्र जाणणारा पण कर्म न केलेला वैद्य रुग्णासमोर गोंधळतो, हे त्यांचे निरीक्षण आजही तितकेच खरे आहे.

हीच परंपरा आधुनिक काळात जपण्यासाठी १९८८ मध्ये राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठाची स्थापना झाली. गुरु-शिष्य पद्धतीने एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम या संस्थेने राबविला. परंतु तेथील जागा मर्यादित असतात. उर्वरित नववैद्यांची जबाबदारी तुम्हां-आम्हां व्यावसायिकांवरच येते.

ग्रंथात न मावणारे ज्ञान

औषधनिर्मितीचेच उदाहरण घेऊ. स्नेहसिद्धीची लक्षणे प्रत्येक विद्यार्थ्यास मुखोद्गत असतात : कल्काची वात वळली जावी, ती अग्नीवर धरली असता तडतडू नये, तेलाला फेस यावा आणि तुपाचा फेस शमावा. नस्यासाठी मृदू पाक आणि अभ्यंगासाठी खर पाक, हेही तो परीक्षेत बिनचूक लिहितो. परंतु मोठ्या कढईतील मृदू पाक मध्यमाकडे केव्हा झुकतो आणि आच नेमकी केव्हा काढावी, हे पंचवीस-तीस वर्षे कढईशी उभ्या राहिलेल्या कारागिराच्या शेजारी उभे राहूनच कळते. अवलेहाची तार, आसवारिष्टांचे संधान पूर्ण झाल्याची खूण, भस्माचे वारितरत्व व रेखापूर्णत्व या साऱ्यांचे असेच आहे.

चिकित्सालयातही हेच दिसून येते. रुग्णाला पथ्य कोणत्या शब्दांत सांगावे, वमनाचे वेग सुरू असताना कोठे थांबावे, कोणता रुग्ण विलंब न लावता रुग्णालयात पाठवावा, हे निर्णय पाहून पाहूनच अंगी मुरतात. वर्षभर असे पाहिलेला वैद्य स्वतःच्या आसनावर बसतो तेव्हा त्याचा हात थरथरत नाही आणि घाईने परक्या शास्त्राची औषधे लिहिण्याचा मोहही त्यास होत नाही.

औषधशाळांसाठी कायद्याची चौकट

औषधशाळेच्या मालकांनी शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अवश्य पाहावा. २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेस मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ मनुष्यबळाच्या आस्थापनेस ते ऐच्छिक आहे. उमेदवारास विद्यावेतन द्यावेच लागते. मात्र २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत त्याचा काही भाग ठरावीक मर्यादेपर्यंत शासन उचलते.

यात मालकाचाही लाभ आहे. अनुसूची ‘टी’ नुसार प्रत्येक घाणीची नोंद, कच्च्या द्रव्यांची परीक्षा आणि स्वच्छतेचे नियम पाळावे लागतात. हे सारे जाणणारा तांत्रिक माणूस जाहिरात देऊन सहसा मिळत नाही, तो आपल्याच औषधशाळेत घडवावा लागतो. शिवाय जुने कारागीर निवृत्त होत आहेत. त्यांच्या हातचे ज्ञान कोणी उचलले नाही तर ते त्यांच्याबरोबरच जाईल.

उमेदवारी म्हणजे वेठबिगारी नव्हे

येथे काही कटू पण आवश्यक गोष्टी सांगणे भाग आहे. ‘शिकायला मिळते, मग पैसे कशाला?’ ही वृत्ती आपल्या व्यवसायात आजही आढळते. वर्षभर केवळ नावनोंदणी करणारा आणि पुड्या बांधणारा तरुण काहीही शिकत नाही, उलट तो आयुर्वेदापासून दूर जातो. याकरिता आम्ही पुढील पथ्ये सुचवितो :

१. कालावधी, कामाचे तास व विद्यावेतन आरंभीच लेखी ठरवावे. अधिनियमाच्या कक्षेत न येणाऱ्या लहान चिकित्सालयानेही हे पथ्य पाळावे.

२. वर्षाचे चार भाग करावेत : पहिल्या तिमाहीत निरीक्षण, दुसरीत रुग्णेतिहास व द्रव्यपरीक्षा, तिसरीत देखरेखीखाली कर्म, आणि चौथीत स्वतंत्रपणे चिकित्सा ठरवून गुरूशी चर्चा.

३. उमेदवाराने दैनंदिनी ठेवावी व गुरूने ती आठवड्यातून एकदा तपासावी.

४. नोंदणी नसलेल्या व्यक्तीकडून रुग्णास औषधयोजना कदापि करवून घेऊ नये.

५. ‘उद्या हाच आपला स्पर्धक होईल’ या भीतीने विद्या लपवू नये.

उमेदवारानेही हे जाणावे की पहिल्या वर्षीची मिळकत रुपयांत मोजावयाची नसते. तो गुरूकडून रुग्णांची यादी नव्हे, तर दृष्टी घेऊन बाहेर पडणार असतो.

संघटनेच्या प्रत्येक ज्येष्ठ सभासदाने व औषधशाळेच्या मालकाने येत्या वर्षी किमान एक उमेदवार स्वीकारावा, अशी आमची नम्र विनंती आहे. आपण एकाला हाताशी धरले तर पुढील तीस वर्षे हजारो रुग्णांना शुद्ध आयुर्वेदीय चिकित्सा मिळू शकेल. इत्यलम्.