कॉइलओव्हर

कॉइलओव्हर म्हणजे गुंडाळीची स्प्रिंग शॉक ॲब्सॉर्बरभोवती बसवून तयार केलेला निलंबन प्रणालीचा, अर्थात सस्पेन्शनचा, भाग होय. मोटारीत स्प्रिंग वाहनाचे वजन पेलते, तर शॉक ॲब्सॉर्बर स्प्रिंगची आंदोलने शमवतो. कॉइलओव्हरमध्ये ही दोन्ही कामे एकाच अक्षावर होतात. स्पोर्ट्स कारचे मूळ निलंबन बदलताना सहसा दोन पर्यायांचा विचार केला जातो: उंची कमी-जास्त करता येणारा कॉइलओव्हर संच, किंवा मूळ जागी बसणाऱ्या नव्या स्प्रिंगा आणि त्यांना अनुरूप शॉक ॲब्सॉर्बर. या दोहोंतील फरक केवळ मोटारीच्या उंचीचा असल्याचा समज रूढ आहे. प्रत्यक्षात तो त्याहून व्यापक आहे.

संज्ञेचा अर्थ

काटेकोर अर्थाने पाहिल्यास अनेक मोटारी कारखान्यातूनच कॉइलओव्हर घेऊन येतात. १९८९ साली सादर झालेल्या माझदा एमएक्स-५ या दोन आसनी मोटारीत चारही चाकांना दुहेरी विशबोन असून प्रत्येक स्प्रिंग शॉक ॲब्सॉर्बरभोवतीच बसवलेली आहे. १९५० च्या फोर्ड कॉन्सल व झेफर या मोटारींमुळे प्रसार पावलेल्या मॅकफर्सन स्ट्रटमध्येही स्प्रिंग व शॉक एकत्रच असतात. याउलट पोर्शे ९११ मध्ये १९८९ पर्यंत गुंडाळीच्या स्प्रिंगाच नव्हत्या. तेथे पीळ सहन करणाऱ्या पोलादी दांड्या वापरल्या जात.

सुट्या भागांच्या बाजारात मात्र 'कॉइलओव्हर' हा शब्द संकुचित अर्थाने वापरतात. शॉकच्या नळीवर आटे पाडलेले असून त्यावर फिरणाऱ्या कड्याने स्प्रिंगचा खालचा आधार वर-खाली करता येतो, असा संच म्हणजे कॉइलओव्हर. बीएमडब्ल्यूच्या ई-४६ पिढीच्या ३ मालिकेत मागील स्प्रिंग आणि शॉक वेगवेगळ्या जागी असतात, तरीही तिच्यासाठी विकल्या जाणाऱ्या बहुतेक संचांना हेच नाव आहे. त्यांत मागे स्वतंत्र स्प्रिंगखाली फिरता आधार दिलेला असतो.

स्प्रिंग आणि अवमंदन

निवडीचा खरा गाभा स्प्रिंगची कठिणता व शॉकचे अवमंदन यांच्या परस्परसंबंधात आहे. एका चाकावर निलंबनाने पेललेले वस्तुमान २५० किलोग्रॅम आणि चाकाशी मोजलेली कठिणता २५ न्यूटन प्रति मिलिमीटर आहे असे मानू. अशा मोटारीची स्वाभाविक कंपनवारंवारता सुमारे १.६ हर्ट्झ येते. आंदोलन मुळीच न होऊ देणारे किमान अवमंदन, म्हणजे क्रांतिक अवमंदन, ५००० न्यूटन-सेकंद प्रति मीटर होते. शॉक १५०० एवढे अवमंदन देत असेल तर त्याचे क्रांतिक अवमंदनाशी गुणोत्तर ०.३० ठरते. रस्त्यावरील मोटारीस हे योग्य आहे.

आता शॉक तोच ठेवून स्प्रिंग दुप्पट कठीण केली, तर वारंवारता २.२५ हर्ट्झ होते आणि गुणोत्तर ०.२१ पर्यंत घसरते. खड्ड्यातून गेल्यावर मोटार अधिक वेळ हिंदकळते, चाकावरील भार सतत बदलत राहतो आणि टायरची पकड नेमकी वळणावर कमी होते. स्प्रिंग केवळ ३० न्यूटन प्रति मिलिमीटरची घेतल्यास गुणोत्तर ०.२७ राहते. म्हणजेच किंचित कठीण स्प्रिंग सुस्थितीतील मूळ शॉक सांभाळू शकतो; फार कठीण स्प्रिंग सांभाळू शकत नाही. जुन्या, तेल गळणाऱ्या शॉकवर नव्या स्प्रिंगा बसवणे हा या साऱ्या प्रकारातील सर्वांत वाईट पर्याय होय, आणि स्वस्त असल्यामुळे तोच वारंवार निवडला जातो.

स्प्रिंगवर छापलेली कठिणता आणि चाकापाशी जाणवणारी कठिणता एक नसतात. चाक १० मिलिमीटर हलले असता स्प्रिंग ७ मिलिमीटर दबत असेल, तर चाकाशी कठिणता ०.७ च्या वर्गाइतकी, म्हणजे सुमारे निम्मी होते. त्यामुळे दुहेरी विशबोनच्या मोटारीसाठीचे आकडे मॅकफर्सन स्ट्रटच्या मोटारीशी थेट ताडून पाहणे निरर्थक ठरते.

उंची आणि तिचे परिणाम

मोटार खाली आणल्याने गुरुत्वमध्य खाली येतो व वळणावरील भारांतर कमी होते. परंतु निलंबनाला दबण्यासाठी उरलेली जागाही घटते. मूळ लांबीच्या शॉकवर आखूड स्प्रिंग बसवल्यास दांडा आधीच बराच आत गेलेला असतो आणि लहानशा उंचवट्यावरही रबरी अडथळ्यावर आदळतो. त्या क्षणी चाकाची कठिणता एकाएकी वाढून मोटार अनपेक्षितपणे घसरू शकते. याच कारणाने बिल्स्टाइन ही जर्मन कंपनी मूळ उंचीसाठी 'बी-६' आणि आखूड स्प्रिंगांसाठी कमी लांबीचे 'बी-८' असे वेगळे शॉक बनवते.

मॅकफर्सन स्ट्रटमध्ये आणखी एक अडचण संभवते. मोटार जितकी खाली येते त्याहून वेगाने तिचे रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती ती कलते तो बिंदू, खाली जाते. परिणामी कलण्याची प्रवृत्ती कमी होण्याऐवजी वाढू शकते.

कड्याने स्प्रिंग अधिक आवळल्यास ती कठीण होते, हा समज चुकीचा आहे. समान वेटोळ्यांच्या स्प्रिंगची कठिणता आवळल्याने बदलत नाही. साध्या संचांत कडे वर सरकवले की मोटार तेवढी उंच होते, एवढेच. काही संचांत उंची बदलण्यासाठी शॉकचा खालचा भाग स्वतंत्रपणे फिरवता येतो. त्यामुळे मोटार खाली आणूनही शॉकची दबण्याची लांबी कायम राहते.

चाकांवरील भाराची विभागणी

उंची बदलण्याच्या सोयीचा खरा उपयोग दिखाऊपणापेक्षा येथे अधिक आहे. एका चाकाशी मोटार किंचित उचलली की त्या चाकावरील व त्याच्या समोरील कर्णावरील चाकाचा भार वाढतो, तर उरलेल्या दोहोंचा घटतो. पुढील-मागील व डाव्या-उजव्या बाजूंच्या बेरजा मात्र जवळजवळ बदलत नाहीत. चालकाच्या वजनाइतका भार आसनावर ठेवून आणि अँटी-रोल बारच्या जोडण्या सोडून चार काट्यांवर ही जुळवणी करतात. दोन्ही कर्णांवरील भार समान झाल्यास मोटार डावीकडे व उजवीकडे सारखीच वळते. ठरावीक उंचीच्या स्प्रिंगांनी हे साधता येत नाही.

पर्यायांची निवड

मुख्यतः रस्त्यावर चालणाऱ्या मोटारीसाठी दर्जेदार शॉक आणि माफक कठीण स्प्रिंगा हा बहुधा अधिक समंजस पर्याय ठरतो. कोनी या डच कंपनीच्या पिवळ्या 'स्पोर्ट' शॉकमध्ये स्प्रिंग उलगडतानाचे अवमंदन बदलता येते. त्याच किमतीच्या आसपास मिळणाऱ्या स्वस्त कॉइलओव्हरमध्ये उंचीची सोय असते, पण शॉकच्या झडपांची गुणवत्ता बेताची असू शकते. शर्यतपथावर नियमित जाणाऱ्या, वेगवेगळ्या टायरांसाठी स्प्रिंग बदलू इच्छिणाऱ्या चालकास ओहलिन्स किंवा केडब्ल्यू यांसारख्या कंपन्यांचे कॉइलओव्हर उपयुक्त ठरतात, कारण त्यांतील अनेक संचांत प्रमाणित व्यासाची सरळ स्प्रिंग सहज बदलता येते.

स्पर्धेचे नियमही निर्णायक असतात. अमेरिकेतील एससीसीए संस्थेच्या सोलो स्पर्धांमधील 'स्ट्रीट' गटात शॉक बदलता येतात, परंतु स्प्रिंगा मूळच्याच ठेवाव्या लागतात.

मागील स्प्रिंग शॉकभोवती हलवणारे रूपांतर विशेष जपून करावे लागते. ई-४६ सारख्या मोटारीत शॉकचा वरचा आधार केवळ अवमंदनाचे बल सोसण्यासाठी घडवलेला असतो. त्यावर वाहनाचे वजनही टाकल्यास पत्र्याला तडे जाऊ शकतात. म्हणून त्या जागी पोलादी पट्ट्या बसवून मजबुती देतात.

देखभाल आणि कायदा

बर्फासाठी रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या देशांत नळीवरील आटे गंजून कडी अडकतात. त्यामुळे काही उत्पादक नळ्या गंजरोधक पोलादाच्या करतात. उंची बदलल्यावर चाकांचे अलाइनमेंट पुन्हा करावे लागते आणि प्रकाशझोतांचा कोनही तपासावा लागतो. जर्मनीत अशा संचासोबत मान्यताप्राप्त तपासणी संस्थेचा अहवाल किंवा परवाना असणे आवश्यक असते. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे बदल करण्यास मनाई आहे.