दृष्टी शाबूत, ओळख हरपलेली

1887 साली पॅरिसमधील एका सुशिक्षित, निवृत्त व्यापाऱ्यास एकाएकी असे आढळून आले की, पुढ्यातील अक्षरे स्पष्ट दिसत असूनही त्यांतील एकही आपणांस वाचता येत नाही. बोलणे पूर्ववत होते, आकडे ओळखता येत, पत्र लिहावयास बसले तर हात सुरळीत चाले, परंतु स्वहस्ते लिहिलेला तोच मजकूर पुन्हा पुढे ठेवला की त्यांना तो वाचता येत नसे. अक्षराच्या वळणावरून बोट फिरविले म्हणजे मात्र ते उमगे. 1892 मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर फ्रेंच मज्जातंतुवैद्य देजेरीन यांनी मेंदू तपासला, तेव्हा डाव्या मेंदूच्या मागील भागाचा रक्तपुरवठा तुटल्याचे आणि उजव्या मेंदूने पाहिलेले डावीकडील भाषाकेंद्रापर्यंत पोहोचविणारे तंतूही नष्ट झाल्याचे दिसले. वाचन हरपले तेव्हा लेखनाचा कारभार शाबूत होता. दृष्टीकडून भाषेकडे जाणारी वाट तेवढी तुटली होती.

चेहऱ्याची कैफियत निराळी. जर्मन वैद्य बोडामर यांनी 1947 साली वर्णिलेला, डोक्यात गोळी लागलेला तरुण सैनिक आप्तेष्टांसच काय, आरशातील स्वतःसही ओळखीना. आवाज ऐकला म्हणजे माणूस कळे. अशी इजा बहुधा उजव्या मेंदूच्या तळाशी, पुष्कळदा दोन्हीकडे असते. वाचनाची जागा तशाच पट्ट्यात, पण डावीकडे. लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर व देवनागरी शिकलेल्या प्रौढांची तुलना करून 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने साक्षरतेपायी चेहऱ्यांना मिळणारा मेंदूचा प्रतिसाद उणावतो या शंकेस दुजोरा दिला नाही, याचे मला मोठे समाधान वाटते.

गोव्यातील तेरेखोलसारख्या गावात, जेथे केरीहून फेरीबोटीने उतरणाऱ्यास दुरूनच हाक मारण्याचा रिवाज, तेथे चेहऱ्याची ओळख हरपलेला मनुष्य शेजाऱ्यावरून मुकाट पुढे गेला, तर त्यास गर्विष्ठ वा भ्रमिष्ट ठरविणे हा घोर अन्याय होय; शेजारणीने दारातच ‘मी अमक्याची सून’ असे सांगून आत यावे, एवढ्याने त्याचा अर्धा त्रास वाचतो. वाचता येणे अकस्मात बंद पडले, एका बाजूचे दिसेनासे झाले, तर तो चष्म्याचा दोष समजून स्वस्थ बसू नये. हा पक्षाघात असू शकतो, आणि गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. तेरेखोलकरांस गोव्याच्या इतर भागात जावयाचे तर नदी ओलांडावी लागते, नाहीतर सिंधुदुर्गातून वळसा घालावा लागतो. म्हणून वाहन कोणते, वाट कोणती, इस्पितळ कोणते, हे प्रत्येक घराने आधीच ठरवून ठेवावे.