लाईट गेली म्हणजे 'हॅक' झाली?

सांगवीत गुरुवारी लाईट गेली तर कोणी फारसं बोलत नाही. एमआयडीसीची सुट्टी, म्हणजे देखभालीचं काम निघालं असणार, हे पिंपरी-चिंचवडकरांना पाठ आहे. पण कामाच्या दिवशी, ऐन ऑनलाइन मीटिंगच्या वेळी गेली की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी 'सायबर अटॅक' असं टाकतोच. या संशयाचं मूळ 12 ऑक्टोबर 2020 च्या सोमवारी सापडतं.

'मुंबईची वीज चीनने घालवली.' हा सगळ्यात पक्का बसलेला समज. त्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबई महानगराचा बराच भाग अंधारात गेला, लोकल जागच्या जागी थांबल्या. कळवा-पडघे पट्ट्यातल्या 400 केव्ही वाहिन्या बाद झाल्या आणि उरलेल्यांना भार पेलला नाही. अशा वेळी मुंबईला बाकीच्या ग्रिडपासून तोडून स्वतःच्या विजेवर उभं ठेवायची 'आयलँडिंग' योजना 1981 पासून आहे. त्या दिवशी तिनेही शहर वाचवलं नाही. चार-साडेचार महिन्यांनी 'रेकॉर्डेड फ्युचर' या अमेरिकी कंपनीने अहवाल काढला. चीनशी संबंधित, त्यांनी 'रेडएको' असं नाव दिलेल्या गटाने भारताच्या वीज क्षेत्रातल्या यंत्रणांना लक्ष्य केलं, असं त्यात होतं. पाठोपाठ 1 मार्च 2021 ला राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्य सायबर विभागाचा प्राथमिक निष्कर्ष सांगितला: वीज मंडळाच्या सर्व्हरमध्ये 14 ट्रोजन (लपून शिरणारे घातक प्रोग्राम) शिरले असावेत, 8 जीबी डेटा बाहेरून आला असावा. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले की वीज गेली ती मानवी चुकीमुळे. भारप्रेषण केंद्रांवर सायबर हल्ले झाले होते हे त्यांनीही नाकारलं नाही. वीज त्यामुळे गेली, एवढंच त्यांनी नाकारलं.

त्या आठवड्यात चॅनेलांवर हे 'राज्य विरुद्ध केंद्र' म्हणून रंगलं. खरं तर दोघं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते. कोणी आत शिरलं का, हा एक प्रश्न. त्यामुळे वीज गेली का, हा दुसरा. अमेरिकी अहवालानेही घुसखोरीचा आणि मुंबईच्या अंधाराचा संबंध सिद्ध झाल्याचा दावा केलेला नव्हता. सायबर सुरक्षेवाल्याची नोकरी मुख्यतः पहिल्या प्रश्नाशी बांधलेली असते. घुसखोर महिनोन्महिने आत बसून काहीच न करता नुसती माहिती गोळा करू शकतो, आणि तेवढ्या काळात सांगवीतला एकही दिवा मिणमिणत नाही.

उलट, दिवे जातात ते बहुतेक साध्या कारणांनी. फेब्रुवारी 2022 मध्ये पुणे, पिंपरी-चिंचवड आणि चाकणची सकाळ अंधारात उजाडली होती. दाट धुकं आणि दव यांमुळे महापारेषणच्या अतिउच्चदाब वाहिन्या ट्रिप झाल्या होत्या. धुक्याला आयपी अ‍ॅड्रेस नसतो.

आता दुसरा समज, आणि हा इंजिनिअर मंडळींमध्ये जास्त आढळतो: 'कंट्रोलची यंत्रणा इंटरनेटला जोडलेलीच नसते, मग भीती कसली?' वीज कंपनीत दोन जग असतात हे खरं. बिलिंग, ईमेल, पगार हे आयटी. सबस्टेशनमधले ब्रेकर, रिले आणि ते दुरून चालवणारी स्काडा यंत्रणा हे ओटी. ही दोन वेगळी ठेवायची असतात. पण मध्ये माणसं ये-जा करतात. रिलेची सेटिंग बदलायला आलेल्या कंत्राटदाराचा लॅपटॉप, कुणाचा पेन ड्राइव्ह, 'दोन दिवसांपुरतं' म्हणून उघडलेलं आणि मग विसरलेलं रिमोट कनेक्शन. 2010 मध्ये उघड झालेला स्टक्सनेट इंटरनेटपासून तोडलेल्या इराणी अणुकेंद्रात पोचला, त्यात यूएसबीचाच वाटा मानला जातो. आपल्याकडे कुडनकुलम अणुवीज केंद्रात मालवेअर सापडल्याचं ऑक्टोबर 2019 मध्ये आधी नाकारलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी मान्य झालं. ते प्रशासकीय कामाच्या संगणकात होतं; अणुभट्टीच्या नियंत्रणाचं जाळं वेगळं असल्याने तिथवर पोचलं नाही. तोडलेलं जाळं उपयोगी पडलं ते असं. पण ते तोडलेलंच राहिलंय ना, हे रोज कुणीतरी तपासावं लागतं. 2022 मध्ये लडाख सीमेजवळच्या भारप्रेषण केंद्रांवरच्या हल्ल्यांत तर रस्त्यावर सर्रास दिसतात तसल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचे डीव्हीआर पायरीसारखे वापरले गेल्याचं समोर आलं.

मग वीज कंपनीतला सायबर सुरक्षा तज्ज्ञ दिवसभर करतो काय? काळी हुडी घालून हॅकरचा पाठलाग करत नाही. पहिलं काम यादी: कोणत्या सबस्टेशनमध्ये कोणतं उपकरण, कोणती आवृत्ती, कोण लॉगिन करतो. हे काम कंटाळवाणं आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचंही. मग लॉग वाचणं, फायरवॉलचे जुने नियम काढणं, बॅकअप खरंच परत चढतो का ते पाहणं. ऑफिसातला सर्व्हर रात्री अपडेट करून बंद-चालू करता येतो. स्काडाचा करायचा तर कंपनीची मान्यता हवी, शटडाउन हवा, बिघडलं तर मागे फिरायची वाट हवी. तीनदा पासवर्ड चुकला की अर्धा तास लॉक, हा बँकेत शहाणपणा. कंट्रोल रूममध्ये वादळी रात्री ऑपरेटरला असं लॉक केलं तर आपणच हल्ला केल्यासारखं. रिलेला बिघाड ओळखून ब्रेकर उघडायला सेकंदाचा अंशच मिळतो, त्याच्या वाटेत अँटीव्हायरस आडवा आला की संपलं.

हे काम जमायला कोडिंगचा राक्षस असावं लागतं, हाही गैरसमज. सांगवीतून रोज हिंजवडीला जाणाऱ्या अभियंत्याला नेटवर्क कळतं, पण चाकणच्या कारखान्यात पीएलसी (मशीन चालवणारे नियंत्रक) सांभाळणाऱ्याला 'चालू मशीनला हात लावायचा नाही' हे आधीच कळलेलं असतं. वीज कंपनीला दुसरा लवकर उपयोगी पडेल.

'सरकारचं एक सायबर खातं सगळं बघतं' असंही नाही. सर्ट-इन देशभरच्या सायबर घटना पाहतं. एप्रिल 2022 च्या आदेशानुसार घटना कळल्यापासून सहा तासांत त्याला कळवावं लागतं. एनसीआयआयपीसी ही 2014 ची संस्था महत्त्वाच्या पायाभूत यंत्रणांसाठी आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ऑक्टोबर 2021 मध्ये वीज क्षेत्रासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. कंपनीत माहिती सुरक्षेचा जबाबदार अधिकारी हवा, हे त्यात आलं. खाली प्रत्यक्ष राबणारे महावितरणचे, महापारेषणचे, ऐरोलीच्या राज्य भारप्रेषण केंद्राचे लोक. त्यामुळे या नोकरीची एकच परीक्षा नाही, आणि 'सरकारी नोकरी म्हणजे आराम' हे तर नाहीच.

आपल्या दारातली गोष्टही लक्षात असू द्या. 'रेडएको'वरचा अहवाल आला त्याच सुमारास, फेब्रुवारी 2021 च्या अखेरीस, निगडीत पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या 27 सर्व्हरवर रॅन्समवेअर हल्ला झाला. तक्रारीत सुमारे 5 कोटींचं नुकसान नोंदवलं गेलं.

आणि हल्ल्यामुळे खरोखर वीज गेली तर? युक्रेनमध्ये 23 डिसेंबर 2015 ला गेली. बनावट ईमेलमधून शिरलेल्यांनी तीन वितरण कंपन्यांचे ब्रेकर दुरून उघडले, ऑपरेटर समोर बसून आपोआप फिरणारा कर्सर पाहत राहिले, सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. पण काही तासांत वीज परतली, कारण कर्मचारी गाड्या काढून सबस्टेशनांत पोचले आणि ब्रेकर हाताने चढवले. वायरमनची भरती आणि सायबर सुरक्षा ही दोन वेगळी खाती नव्हेत, हे आपल्या वीज कंपन्यांनी ध्यानात घ्यायला हवं.

वीज वापरणाऱ्या सामान्य माणसाला मात्र धोका बहुतेक वेळा मोबाइलवरच गाठतो. 'मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा,' हा मेसेज वैयक्तिक मोबाइल नंबरवरून आला की तो खोटा. महावितरण असे मेसेज वैयक्तिक नंबरवरून पाठवत नाही. लिंक उघडू नका, सांगितलेलं अ‍ॅप टाकू नका. बिलाची शंका 1912 वर विचारा, आणि पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता 1930 ला फोन लावा.