ग्रंथिकाची चाकरी

पांडव अज्ञातवासात विराटाच्या घरी राहिले, तेव्हा नकुलाने राजाच्या घोड्यांची देखभाल पत्करली आणि आपले नाव सांगितले ‘ग्रंथिक’. वर्गात हा भाग आला की मागच्या बाकांवर हमखास खसखस पिकते. मोतद्दाराचे नाव ग्रंथिक! ग्रांथिक म्हणावे ते खरे तर आम्हा मराठीच्या प्राध्यापकांना. बखरींबाहेरचा घोडा मी पाहिला तो माथेरानला, आणि एकदा वारीच्या रिंगणात, तोही दुसऱ्यांच्या खांद्यांवरून. अशा बाईने २०२३ च्या उन्हाळी सुट्टीत इंग्लंडात जाऊन तीस दिवस घोड्यांची चाकरी केली, हे आमच्या कॉलेजात अजूनही कोणाला खरे वाटत नाही.

झाले असे, की माझी भाची नॉर्विचला असते. तिच्या घरापासून बसने तासाभरावर, सोडवून आणलेल्या घोड्यांचा एक आश्रम आहे. “मावशी, घरात बसून तू माझी कपाटं आवरणार. त्यापेक्षा तिथे जा,” असे म्हणून तिने माझे नाव परस्पर नोंदवून टाकले. पाहुणा म्हणून तिकडे गेलेल्या परदेशी माणसाला नोंदलेल्या धर्मादाय संस्थेत जास्तीत जास्त तीस दिवस बिनपगारी काम करता येते. मी तिसांपैकी एकही दिवस सोडला नाही.

आता तुम्ही म्हणाल, सुबत्तेच्या त्या देशात घोडे सोडवायचे कोणाच्या तावडीतून? मलाही तोच प्रश्न पडला होता. पोराच्या हट्टापायी लहानसा घोडा घेतात. घोडा विकत घेणे फारसे महाग नाही. महाग आहे ते त्याला पोसणे. पोराचा उत्साह ओसरतो, वैरणीचे आणि नालबंदाचे बिल तेवढे उरते. मग कोणी त्याला चिखलात तसाच बांधून ठेवतो, तर कोणी रात्री दुसऱ्याच्या रानात सोडून देतो. हा प्रकार इतका माजला, की २०१५ साली इंग्लंडला त्यासाठी खास कायदा करावा लागला. घोड्याच्या तोंडून त्याची कहाणी सांगणारी ‘ब्लॅक ब्यूटी’ १८७७ साली लिहून प्रसिद्ध करणारी ॲना सीवेल ह्याच नॉरफोक परगण्यातली. गाडीच्या घोड्याची मान ऐटीत उंच राहावी म्हणून तिला ताण देणाऱ्या लगामाविरुद्ध तिने लिहिले. तो लगाम गेला. ऐट गेली असे म्हणवत नाही.

मराठेशाहीत स्वतःचा घोडा घेऊन येई तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर. आमची पायरी बारगिराच्याही खालची होती, कारण तिथे घोड्यावर बसायला सक्त मनाई! सकाळी आठाला हाती फावडे आणि ढकलगाडी मिळे. पहिले काम कुरणातली लीद गोळा करणे. लिदीतून कृमी गवतावर येतात आणि गवताबरोबर पुन्हा घोड्याच्या पोटात जातात, म्हणून हे काम रोजच्या रोज झालेच पाहिजे. मग पाणी भरणे, वैरण, खरारा. दुपारी खूर साफ करायचे. खांद्याशी उभे राहून पायावरून हात खाली न्यायचा, म्हणजे शिकवलेला घोडा आपण होऊन पाय उचलून देतो. पहिल्यांदा ते खूर तळहातावर आले, तेव्हा मला रिंगणातले वारकरी आठवले. अंकलीहून आलेला माउलींचा अश्व धावून गेला, की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला तोबा गर्दी उसळते. मी मात्र लोखंडी आकडीने चिखल आणि खडे उकरून काढत होते. खुराच्या मधला मऊ त्रिकोण दुखवायचा नाही, एवढे भान ठेवायचे.

एक गंमत सांगते. खरारा, तोबरा, चंदी, दावण हे सारे शब्द मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले. कोणाची चंदी कोणी चारली, भाषणात खोगीरभरती कोणी केली, हे आपण रोज बोलतो. पण घोडा दारातून गेला आणि नुसते वाक्प्रचार उरले. तिथे इंग्रजी बोलणाऱ्या माणसांत हे शब्द एकेक करून माझ्या हातात जिवंत झाले.

कंबर मोडणारे काम म्हणजे तण उपटणे. रॅगवर्ट नावाचे पिवळ्या फुलांचे एक रोप कुरणात माजते. ते घोड्याचे यकृत खाते. उभे रोप कडू, म्हणून घोडा सहसा तोंड लावीत नाही. पण वाळून वैरणीत आले की कडवटपणा जातो, विष मात्र तसेच राहते. १९५९ च्या तणविषयक कायद्यात त्याचे नाव आहे. हातमोजे घालून, फूल येण्याआधी, मुळासकट काढायचे. आपल्याकडे बायका खुरपायला बसतात तशी मी उकिडवी बसले, तेव्हा तिथल्या मुली कौतुकाने पाहत राहिल्या.

तिथली मुख्य बाई साठीची, हाडापेराने मजबूत, बोलायला थोडी. तिला मी मनात मुकादमीणबाई म्हणे. ती मला ‘प्रोफेसर’ म्हणे. तिच्या हाताखाली मला जे कळले, ते माझ्या संस्कारांच्या अगदी उलट होते. आपल्याकडे माया म्हणजे आग्रह! पानात आणखी एक पोळी पडलीच पाहिजे. इथे मायेची सुरुवात हात आखडण्यापासून.

एक गोलमटोल तट्टू होते. मळणीच्या वेळी बैलाला बांधतात तसे मुसके त्याच्या तोंडाला बांधलेले. मला भारी दया आली. पण तिथल्या वसंतातले कोवळे गवत साखरेने भरलेले असते. ते पोटभर खाल्ले, तर असल्या तट्टांच्या खुरांच्या आतला भाग सुजतो, पाऊल टाकणे मुश्किल होते आणि कधी कधी जिवावर बेतते.

आणि दुसऱ्याच आठवड्यात हेझल आली. कुमैत रंगाची घोडी. बरगड्या मोजून घ्याव्यात, पुठ्ठ्याची हाडे कातड्यातून वर आलेली, डोळ्यांत कुतूहलसुद्धा उरलेले नाही. तिला वेगळ्या पागेत ठेवले. आत-बाहेर जाताना बूट जंतुनाशकात बुडवायचे. मला वाटले, आता हिच्यापुढे तोबरा भरून ठेवतील. मुकादमीणबाईंनी काट्यावर तोलून मूठ-दोन मुठी लसूणघास टाकला आणि म्हणाल्या, “चार तासांनी पुन्हा एवढाच.”

उपाशी जनावराला एकदम पोटभर, विशेषतः दाणा, घातला तर रक्तातले क्षार उलटेपालटे होतात आणि हृदय बंद पडू शकते. धोका पहिल्या तासाचा नाही. तीन-चार दिवसांनी, घोडी सावरली असे वाटू लागते, नेमका तेव्हा. म्हणून चंदी नाही, थोडे थोडे गवत, रात्रीसुद्धा. रात्रपाळी तिथल्या पगारी मुलींची. दिवसाची दोन वाढणी माझ्याकडे आली. घास संपला की ती रिकाम्या घमेल्याच्या कडेवरून जीभ फिरवी आणि मग माझ्याकडे बघे. लेकरांच्या पानात वाढताना माझा हात कधी आखडला नव्हता. मी घमेले उचलून घेई आणि चार तासांची वाट पाही. पहिला आठवडाभर तिच्या छातीभोवती गुंडाळलेली वजनाची पट्टी हललीच नाही.

त्याच आठवड्यात तिथल्या एका म्हाताऱ्या अबलख घोड्याला निरोप द्यायचे ठरले. वय तिशीच्या पुढे, दाढा झिजलेल्या, बसला की उठवायला चार माणसे. डॉक्टर गुरुवारी येणार होते. मी विचारले, “राहू दिलं तर?”

“तर त्याने आणखी किती सोसायचं, ते आपणच ठरवल्यासारखं होईल, प्रोफेसर.”

मी त्यांना मुंबईच्या पांजरपोळाबद्दल सांगितले. १८३४ सालापासून ती संस्था आहे आणि आमच्याकडे म्हातारे जनावर मरेपर्यंत सांभाळणे हाच धर्म समजतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “सगळीकडे त्यांच्या दुखण्यावर औषध असतं?” मला छातीवर हात ठेवून होय म्हणवेना.

मग त्यांनीच डोरोथी ब्रूकची हकीकत सांगितली. १९३० साली सैनिकी अधिकारी असलेल्या नवऱ्याबरोबर ही बाई कैरोला गेली. पहिले महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश सैन्याने आपले हजारो घोडे इजिप्तमध्येच विकून टाकले होते. बारा वर्षांनी त्यांतले उरलेसुरले गाड्या ओढताना आणि खाणींत राबताना तिला दिसले; आंधळे, लंगडे, हाडांचे सापळे. १९३१ साली तिने ‘मॉर्निंग पोस्ट’मध्ये पत्र लिहून मदत मागितली, आणि आलेल्या पैशांतून तीन वर्षांत पाच हजार घोडे विकत घेतले. मालकही गरीबच, म्हणून किंमत मोजून घेतले. आणि त्यांतल्या बहुतेकांना तिने काय दिले? थोडा विसावा, चारा-पाणी आणि वेदनेविना मरण. १९३४ साली तिने कैरोत घोड्यांचे इस्पितळ काढले. ती १९५५ साली कैरोतच वारली. तिचे काम पुढे अनेक देशांत पसरले, हिंदुस्थानातही आले.

पाच हजार घोडे मरणासाठी विकत घेणाऱ्या बाईला दयाळू म्हणायचे की काय म्हणायचे, यावर मी बसमध्ये रोज स्वतःशी भांडले. पांजरपोळ माझ्या मनातून गेला नाही. पण त्या अबलखाला उठवताना तो ज्या आवाजात कण्हला, तोही गेला नाही. गुरुवारी दुपारी ऊन पडले होते. त्याला उन्हात आणले, खरारा मी केला, आणि डॉक्टर आल्यावर कुंपणाबाहेर जाऊन उभी राहिले. मुकादमीणबाई शेवटपर्यंत त्याच्या मानेशी होत्या.

माझ्या तिसाव्या दिवशी हेझलला पुन्हा पट्टी लावली. आली तेव्हा तीनशे वीस किलो, आज तीनशे एकोणतीस. पुरती भरून यायला अजून कितीतरी महिने लागणार होते. मी नोंदवहीत आकडा लिहिला, लसूणघास तोलला आणि घमेले तिच्यापुढे ठेवले. त्या दिवशी पहिल्यांदाच तिने आधी माझ्या बाहीचा वास घेतला आणि मग घमेल्यात तोंड घातले.