सहा वर्षांची तेरा गाणी

अमेरिकन गायिका-गीतकार ल्युसिंडा विल्यम्स हिचा 'कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड' हा अल्बम ३० जून १९९८ रोजी प्रसिद्ध झाला, तेव्हा गाण्यांइतकीच चर्चा होती ती त्याला झालेल्या विलंबाची. तिचा आधीचा अल्बम १९९२ सालचा. मधली सहा वर्षे हट्टापायी वाया गेली, की कारणी लागली?

ल्युसिंडाचे संगीत कंट्री रॉक या प्रवाहात मोडते. ग्रामीण अमेरिकेचे कंट्री गीत आणि शहरी तरुणाईचे रॉक यांचा हा संगम १९६०च्या दशकाअखेरीस रूढ झाला. तथापि बाजारपेठेने दोहोंचे कप्पे वेगळेच ठेवले. लॉस एंजेलिसच्या कंपन्यांना तिची गाणी फार कंट्री वाटत, तर नॅशव्हिलच्या कंपन्यांना फार रॉक. अखेर १९८८ साली तिचा अल्बम काढला तो रफ ट्रेड या ब्रिटिश कंपनीने. त्यातलेच 'पॅशनेट किसेस' हे गीत पुढे मेरी चॅपिन कार्पेंटर हिने गायिले आणि त्याच्या लेखनासाठी ल्युसिंडाला १९९४ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

नव्या अल्बमचे ध्वनिमुद्रण १९९५ साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे, तिचा जुना गिटारवादक गर्फ मॉर्लिक्स याच्यासह सुरू झाले. त्याच सुमारास तिने स्टीव्ह अर्ल याच्या अल्बमसाठी एक गाणे गायिले. तेथे आपला आवाज जसा उमटला, तसाच आपल्या गाण्यांतही हवा, असे तिला वाटले. झालेले काम बाजूला सारून नॅशव्हिल येथे अर्ल आणि रे केनेडी यांच्यासमवेत पुन्हा आरंभ झाला. अखेरचे संस्कार लॉस एंजेलिस येथे रॉय बिटन याने केले. या खटाटोपात मॉर्लिक्सची दीर्घ साथ सुटली. रेकॉर्ड कंपनी बदलण्यातही वेळ गेला, हे मात्र टीकाकार सहसा विसरत.

१९९७ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या साप्ताहिक मासिकाने या ध्वनिमुद्रणावर दीर्घ लेख छापला. स्वतःवर कधीच समाधानी नसलेली कलावती, ही तिची प्रतिमा त्यातून पक्की झाली. पुरुषांच्या अशाच चोखंदळपणाला कोणी नावे ठेवीत नाही, हे ल्युसिंडाचे गाऱ्हाणे अनाठायी नव्हते. रॉय बिटन ज्याच्या बँडचा पियानोवादक, त्या ब्रूस स्प्रिंगस्टीनने 'बॉर्न टू रन' या एकाच गाण्यावर सुमारे सहा महिने खर्ची घातले होते. ती हकीकत मात्र जिद्दीची कथा म्हणून कौतुकाने सांगितली जाते.

अल्बम आला आणि वादाचा नूर पालटला. 'व्हिलेज व्हॉइस'च्या समीक्षकांच्या वार्षिक कौलात तो १९९८चा सर्वोत्कृष्ट ठरला. १९९९ साली समकालीन लोकसंगीताच्या वर्गात त्याला ग्रॅमी मिळाले आणि अमेरिकेत पाच लाख प्रतींचा, म्हणजेच 'गोल्ड'चा टप्पा गाठणारा तो तिचा पहिला अल्बम ठरला. 'रोलिंग स्टोन'च्या २०२० सालच्या सुधारित पाचशे अल्बमांच्या यादीत तो ९८व्या स्थानी आहे. कंट्री की रॉक, हा जुना पेच मात्र सुटला नाही. ग्रॅमीने त्याला बसविले ते तिसऱ्याच कप्प्यात.

या तेरा गाण्यांत लेक चार्ल्स, जॅक्सन, ग्रीनव्हिल अशी दक्षिणेकडील गावे नावानिशी येतात. 'ड्रंकन एंजल' हे गीत १९८९ साली गोळी लागून मरण पावलेल्या ब्लेझ फोली या गीतकाराविषयी आहे. शीर्षकगीतात मोटारीच्या मागच्या आसनावरून मोठ्यांचे जग न्याहाळणारे मूल आहे. ल्युसिंडाचे वडील, कवी मिलर विल्यम्स, यांच्या अध्यापनाच्या नोकरीमुळे कुटुंबाचे बिऱ्हाड गावोगाव हलत असे. हे गाणे ऐकून त्यांनी लेकीची क्षमा मागितली आणि ते मूल आपणच होतो, हे तेव्हा कुठे आपल्याला उमगले, असे तिने सांगितले आहे.

ही गाणी कानी पडताच समोर बसून कोणी बोलत असल्याचा भास होतो. स्वर सैल, शब्द साधे, कोठेही घासूनपुसून गुळगुळीत केल्याची खूण नाही. तो सहजपणा साधावा, म्हणून तर पुनःपुन्हा ध्वनिमुद्रण झाले. सहा वर्षांचा हिशेब मागणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर देण्याची गरज नाही.