मीटरमधील बल्बऐवजी एलईडी : बसवण्याआधी एवढे पाहून घ्या

मोटारसायकलच्या मीटरमधला बल्ब ही दुकानातली अगदी किरकोळ वस्तू. परंतु तो बदलायचा म्हटले की मीटर उतरवा, केबल सोडवा, होल्डर ओढून काढा, अशी सगळी उठाठेव करावी लागते आणि गिऱ्हाईक मात्र केवळ बल्बचेच पैसे मोजायला तयार असते. म्हणूनच "एकदाचा एलईडी टाका, पुन्हा खोलायला नको" ही मागणी गॅरेजवर वारंवार येते. मागणी रास्त आहे. पण घाईने बसवलेला एलईडी चार दिवसांत तक्रार घेऊन परत येतो आणि दुसऱ्यांदा मीटर खोलण्याची मजुरी कोणी देत नाही, हे आमच्या कारागीर बांधवांना वेगळे सांगायला नको.

प्रथम फायदा किती, ते पाहू. जुन्या मीटरमध्ये साधारणपणे ३.४ किंवा १.७ वॅटचे बल्ब असतात. १२ व्होल्टवर ३.४ वॅटचा बल्ब सुमारे ०.२८ अँपिअर करंट खातो, तर एक लहान एलईडी १५ ते २० मिलिअँपिअरवर भागवतो. बॅटरीला याचा मोठा आधार होतो असे सांगून कोणी विकत असेल तर ती अतिशयोक्ती समजावी. हेडलाईट आणि सेल्फपुढे ही बचत काहीच नाही. खरा फायदा वेगळा आहे. एलईडीला तार नसते, त्यामुळे खडबडीत रस्त्यावरच्या हादऱ्यांनी ती तुटण्याचा प्रश्न येत नाही. शिवाय बल्बच्या उष्णतेने होल्डर कडक होतो, डायलचा रंग पिवळा पडतो, तेही थांबते. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींवर इंजिनाबरोबर हेडलाईट पेटलेला राहतो. ज्या गाडीत मीटरची बत्ती हेडलाईटला जोडलेली आहे, तिथे ती दिवसभर जळते. अशा गाडीला एलईडी खरोखर उपयोगी पडतो.

आता रंग. पांढरा एलईडी म्हणजे आतून निळा एलईडी आणि त्यावर पिवळ्या पावडरीचा थर. त्याच्या उजेडात लाल रंगाचा अंश थोडा असतो. म्हणून लाल काचेमागे पांढरा एलईडी लावला की दिवा फिका, गुलाबीसर दिसतो. ऑइलचा दिवा भर उन्हात दिसलाच नाही तर इंजिन बसेपर्यंत चालकाला कळणार नाही. लाल काचेमागे लाल, हिरव्यामागे हिरवा, इंडिकेटरला पिवळा असाच एलईडी घ्यावा. अप्परच्या निळ्या काचेला पांढरा चालतो. डायल उजळण्यासाठी मात्र फक्त पुढे प्रकाश फेकणारा नको; चारही बाजूंना एलईडी असलेला घ्यावा, नाहीतर मधोमध एक झगझगीत ठिपका आणि कडेला अंधार. त्याची उंचीही जुन्या बल्बाएवढीच आहे ना, हे लावून पाहावे.

एलईडीला उलटे-सुलटे असते हे सर्वांना ठाऊक आहे. पेटला नाही तर होल्डरमध्ये फिरवून घाला, एवढेच. खरी अडचण एसीची. जुन्या स्प्लेंडरसकट अनेक १०० सीसी गाड्यांत हेडलाईट आणि मीटरची बत्ती बॅटरीवर नसून मॅग्नेटोच्या कॉइलवर चालते. ओळख सोपी आहे : इंजिन बंद असताना ती पेटत नाही आणि स्लो सोडल्यावर मंद होते. तिथे साधा एलईडी थरथरतो आणि उलट्या दाबाने लवकर मरतोही, कारण एलईडी उलट दिशेने जेमतेम ५ व्होल्ट सहन करतो. अशा ठिकाणी आधी चार डायोडचा ब्रिज आणि त्यानंतर ३५ व्होल्टचा १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालावा. रेग्युलेटर खराब असेल तर तो आधी बदलावा. ज्या गाडीत बल्ब सारखे उडतात तिथे एलईडीही उडणार.

सर्वात जास्त डोकेदुखी इंडिकेटरच्या दिव्याची. काही गाड्यांत डाव्या-उजव्यासाठी मीटरमध्ये एकच दिवा असतो. त्याला अर्थिंग नसते. त्याचे एक टोक डाव्या तारेला, दुसरे उजव्या तारेला. डावा इंडिकेटर लागला की करंट त्या दिव्यातून उजवीकडच्या बल्बांमधून बॉडीला जातो. करंट इतका थोडा की उजवे बल्ब पेटत नाहीत. या जागी साधा एलईडी लावला तर तो एकाच बाजूला चालेल. आणि दिवा जुनाच ठेवून बाहेरचे चारही इंडिकेटर एलईडी केले, तर तोच थोडा करंट समोरच्या बाजूचे एलईडी पेटवतो आणि चारही एकदम लुकलुकतात. वायरिंगमध्ये शॉर्ट शोधत दिवस घालवलेले मेकॅनिक आम्ही पाहिले आहेत. उपाय काही रुपयांचा आहे. दोन्ही तारांना एकेक १एन४००७ डायोड लावावा, पट्टीची बाजू दिव्याकडे. दोन्ही डायोड एकत्र करून एलईडीच्या प्लसला द्यावे आणि मायनस बॉडीला.

बाहेरचे बल्ब बदलले की जुना फ्लॅशरही बदलावा लागतो, कारण तो दोन १० वॅटच्या बल्बांच्या लोडवर ठरलेला असतो. लोडवर अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्यावा. रेझिस्टन्स लावून खोटा लोड देणे म्हणजे वाचवलेला करंट तापवण्यात घालवणे.

गेल्या पावसाळ्यात एका उस्तादांच्या गॅरेजवर आम्ही बसलो असताना एक तरुण लंगडत आला. गिअरमध्ये असूनही न्यूट्रलचा हिरवा दिवा मंद पेटलेला होता. त्याने विश्वासाने क्लच सोडला आणि सिग्नलवर गाडी पुढच्या रिक्षावर गेली. न्यूट्रल स्विचमध्ये ओल शिरून किंचित करंट गळत होता. जुना बल्ब तेवढ्याने पेटला नसता, एलईडी पेटतो. तेव्हा न्यूट्रलच्या एलईडीला समांतर १ किलोओहम, अर्ध्या वॅटचा रेझिस्टन्स टाकावा आणि स्विच साफ करावा.

जे बांधव ट्रॅक्टर किंवा मोटारीचेही काम करतात त्यांनी चार्जिंगच्या दिव्याला हात लावताना जपावे. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्याच बल्बातून मिळतो. तिथे एलईडी टाकला तर चार्जिंग सुरूच होणार नाही. बीएमडब्ल्यूच्या जुन्या दोन सिलिंडरच्या मोटारसायकलींतही हीच रचना आहे. एलईडी हवाच असेल तर समांतर ४७ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स द्यावा. आमचे मत, तिथे बल्बच राहू द्यावा.

बाजारातले तयार एलईडी बल्ब सोयीचे, पण हलक्या मालात रेझिस्टन्स अपुरा असतो. हाताला सोल्डरिंगची सवय असेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे एलईडी आणून जुन्या बल्बाच्या बुडावर बसवता येतात. हिशेब १२ व्होल्टवर न करता चालू गाडीच्या १४.४ व्होल्टवर करावा : पांढऱ्याला ६८० ओहम, लालला ८२० ओहम, पाव वॅटचे, आणि सोबत एक डायोड. मीटर बंद करण्यापूर्वी गाडी सुरू करून गिऱ्हाईकासमोर प्रत्येक दिवा पेटवून दाखवावा, आणि डायलचा उजेड दुकानाचे शटर अर्धे ओढून, अंधारात बघावा.